बिलावर न छापलेली आडत

नवी गाडी घेताना भाव किती पाडून मागावा आणि ती विकणाऱ्याच्या हाती किती उरावे, यावर दोन माणसांचे म्हणणे इथे समोरासमोर ठेवले आहे. एक हिवरे बाजारचा शेतकरी; दुधाच्या आणि कांद्याच्या पैशातून गाडी घेणारा, घासाघिशीचा कट्टर पुरस्कर्ता. दुसरा अहिल्यानगरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकणारा, वयाने त्याच्या मुलासारखा आणि घासाघिशीला कंटाळलेला. हे दोघे म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. मात्र त्यांची भांडणे खरी आहेत आणि त्यांनी दिलेले दाखलेही खरे आहेत.

शेतकरी : घासाघीस करू नये म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, आमच्या मालाचा भाव आम्ही कधी ठरवला? दूध घातलं की साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ लावून दर निघतो. तो दरपत्रक करणाऱ्याने ठरवलेला. फॅट एका पॉइंटने खाली आली की पैसे कापले. कांदा मार्केटला नेला की लिलावात समोरचा बोली लावणार आणि आम्ही गोणीशेजारी उभे राहून ऐकणार. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. त्या काळात भाव पडला तेव्हा कोणी येऊन म्हणालं का, की आबा, तुमच्या कष्टाचा वाजवी नफा किती धरू? वर्षभर दुसऱ्याने ठरवलेल्या भावात जगायचं आणि दहा वर्षांतून एकदा गाडी घ्यायला गेलो, तर तिथंही छापील किमतीपुढं मान डोलवायची? मी तीन शोरूम फिरतो. महिनाअखेरीला जातो, कारण तेव्हा तुमचं टार्गेट अडलेलं असतं. डिसेंबरात जातो, कारण वर्ष बदललं की गाडी एका वर्षाने जुनी ठरते. एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवतो. यात मला लाज वाटत नाही. माझ्या हातात असलेलं एवढं एकच हत्यार आहे.

विक्रेता : आबा, हत्यार चालवा, पण ते लागतं कोणाला ते बघा. ढोबळ हिशेब करू. आठ लाख एक्स-शोरूमची गाडी धरा. डीलरला त्यात चार टक्के सुटतात असं समजा, म्हणजे बत्तीस हजार. आपल्याकडे डीलरचं मार्जिन साधारण तीन ते सात टक्क्यांच्या आत येतं, असं डीलरांची संघटना फाडा सांगत आली आहे. छोट्या गाड्यांवर ते खालच्याच बाजूला. आता कंपनीच्या स्कीमवर तुम्ही आणखी वीस हजार पाडून घेतले. उरले बारा हजार. ती गाडी आमच्या यार्डात दोन महिने उभी होती. डीलर गाडी कंपनीकडून पैसे भरून आणतो, ते पैसे बँकेचे. नऊ टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज साडेअकरा हजार होतं. उरले पाचशे. त्यात शोरूमचं भाडं, वीज, डिलिव्हरीचा हार, पेढ्याचा बॉक्स आणि माझा पगार. दोन महिने मी उगाच धरले नाहीत. २०२४ च्या सणासुदीआधी देशभरातल्या डीलरांकडे ऐंशी ते पंच्याऐंशी दिवसांचा साठा पडून होता, फाडाचाच आकडा आहे. तुम्ही तीन शोरूम फिरून आनंदाने घरी जाता. मालक संध्याकाळी मला बोलावून विचारतो, ही गाडी तू विकलीस की वाटलीस? माझा मूळ पगार तुटपुंजा, घर चालतं ते गाडीमागच्या इन्सेंटिव्हवर. स्कीमच्या बाहेर सूट गेली की आधी ते कापलं जातं.

शेतकरी : वाईट वाटतं ऐकून. पण मार्जिन कमी कोणी ठेवलं? कंपनीने. गाड्या गरजेपेक्षा जास्त कोणी पाठवल्या? कंपनीने. मग त्याची भरपाई मी का करू? तुझं भांडण वर आहे आणि तू ते माझ्याशी करतोस.

विक्रेता : कारण वर भांडायची सोय नाही. पण आणखी एक सांगतो, ते तुम्हाला जास्त लागेल. तुम्ही वीस हजार सोडवता तेव्हा ते सगळे मालकाच्या खिशातून येत नाहीत. तुमच्यानंतर एक शिक्षिका येते, एकटी. तिला भाव करता येत नाही, किंवा चारचौघांत करायला आवडत नाही. एखादी आजी नातवासाठी गाडी घ्यायला येते, मोडलेल्या मुदतठेवीचे पैसे घेऊन. त्यांच्याकडून आम्ही वसूल करतो. त्यांना सीट कव्हर चढ्या दराने, टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी, सगळं लावतो. घासाघिशीत हुशार माणसाला स्वस्त मिळतं, त्याचे पैसे भिडस्त माणूस भरतो. काष्टीच्या बैलबाजारात तुम्ही रुमालाखाली बोटं दाबून भाव करता, तेव्हा दोन्ही बाजूंना बैल कळतो. शोरूममध्ये तसं नसतं.

विक्रेत्याच्या या मुद्द्याला भक्कम पुरावा आहे, तो शिकागोतला. इयान आयर्स आणि पीटर सिगेलमन या अभ्यासकांनी तिथल्या मोटारविक्रेत्यांकडे जोड्याजोड्यांनी ग्राहक पाठवले. सगळ्यांना एकाच पद्धतीने बोलायला, एकाच पद्धतीने भाव करायला शिकवले होते. तीनशेहून अधिक भेटींनंतर १९९५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितला गेला होता. स्त्रियांना जास्त, आणि काळ्या पुरुषांना तर हजार डॉलरांहून जास्त. बोलणे तेच, गाडी तीच. भाव ठरला होता तो दारातून आत येणाऱ्याकडे पाहून. आपल्याकडे चप्पल पाहून, बोलीभाषेचा हेल ऐकून, सोबत कोणी पुरुष आहे का हे पाहून अंदाज बांधले जात नाहीत, असे म्हणायचे धाडस शोरूममध्ये उभ्या राहिलेल्या कोणालाही होणार नाही.

शेतकरी : हे मान्य. माझ्या स्वस्ताईचा बोजा त्या बाईवर पडत असेल तर ते मला आवडणार नाही. पण तुझ्याच तोंडून आत्ता काय निघालं ते ऐक. मघाशी म्हणालास, मार्जिन चार टक्के, उरतात पाचशे. आता म्हणतोस कव्हर, कोटिंग, वॉरंटी. मग विमा? तो शोरूममधूनच काढा, नाहीतर डिलिव्हरीला वेळ लागेल, असं मला सांगितलं गेलं होतं. कर्ज? फायनान्सवाला तुमच्याच टेबलाशेजारी बसलेला असतो, त्याच्याकडून काही सुटत असेलच. शिवाय कधी पासिंगच्या नावाने, कधी लॉजिस्टिक किंवा हँडलिंगच्या नावाने काही हजार जोडलेले असतात, विचारलं तर कमी होतात. विचारल्यावर कमी होणारा आकार मुळात लावायचाच कशाला? गाडीवरचा नफा पाचशे असेल, पण माझ्यावरचा नफा किती आहे? तो सगळा एका कागदावर दाखव, मग वाजवी-अवाजवीचं बोलू.

विक्रेता : यातलं बरंचसं खरं आहे. विमा कुठूनही काढायचा हक्क ग्राहकाला आहे. विमा नियामकाने वाहनविक्रेत्यांसाठी २०१७ मध्ये नियम केले, त्यात सक्ती करता येत नाही हे स्पष्ट आहे. विम्यावर आणि कर्जावर डीलरला मिळकत असते, हेही खरं. पण हे असं का झालं ते समजून घ्या. पुढच्या दाराने भाव इतका पाडला गेला, की धंदा मागच्या दाराने जगू लागला. तुम्ही शेजारच्या शोरूमचं कोटेशन दाखवता. ते कधी खरं असतं, कधी पंधरा दिवसांपूर्वीचं, कधी दुसऱ्याच मॉडेलचं. मी साहेबांना विचारून येतो म्हणत आत जातो. साहेबांनी काय सांगायचं ते बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. दोघंही खोटं बोलतो आणि शेवटी हात मिळवून फोटो काढतो. मला हे नको आहे. भाव एकच असावा, सगळ्यांना सारखा असावा, आणि माझा मेहनताना त्या भावात उघडपणे धरलेला असावा. माझा वेळ गाडी समजावून सांगण्यात जाऊ दे. घरी पार्किंगला जागा किती, डोंगरउतारावर चालवायची का, रोजचं रनिंग किती, सीएनजी परवडेल का, हे विचारायला मला वेळच मिळत नाही, कारण तुम्ही आल्या आल्या विचारता, लास्ट किती?

एकच भाव ही कल्पना स्वप्नाळू नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने सॅटर्न नावाची वेगळी कंपनीच त्या तत्त्वावर उभी केली होती. १९९० मध्ये तिची पहिली गाडी आली, छापील भाव हाच भाव, आणि पुष्कळ ग्राहक त्यावर खूश होते. कंपनी २०१० मध्ये बंद पडली. तोवर जनरल मोटर्स स्वतःच दिवाळखोरीतून गेली होती. आणखी जवळचे उदाहरण पुण्याशेजारच्या चाकणचे आहे. तिथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात विक्रीची पद्धत बदलली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीच्या नावाने, देशभर किंमत एक, आणि डीलरला गाडीमागे ठरलेली दलाली. साठ्यावरच्या व्याजाचे ओझे डीलरवरून उतरले, आणि डीलरशी घासाघीस करण्यात अर्थ उरला नाही.

शेतकरी : मर्सिडीजचं तू काढलंस म्हणून सांगतो. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, २०१० च्या ऑक्टोबरात काय घडलं होतं? शहरातल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी मिळून एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा व्यवहार. एकेकटे गेले नाहीत, एकत्र गेले. कंपनीशी भाव एकत्र बोलले, आणि स्टेट बँकेकडून सात टक्क्यांनी कर्ज मिळवलं. जगभर बातमी झाली. लोकांना त्यात श्रीमंतीचा दिखावा दिसला. मला त्यात बाजार समितीच्या उलटा बाजार दिसला, जिथे घेणारे एक झाले आणि विकणाऱ्याला बोली लावावी लागली. तू म्हणतोस घासाघीस भिडस्ताला मारते. बरोबर, कारण तो एकटा असतो. त्याला एकटं सोडू नका. दहा घरांनी मिळून जावं. बोलणारा एक, भाव दहांचा. शिक्षिकेलाही तोच, आजीलाही तोच. आमच्या गावाला हे शिकवावं लागत नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, बाहेरच्याला जमीन विकायची नाही, कुऱ्हाड चालवायची नाही, हे ग्रामसभेने ठरवलं आणि पाळलं. गाव स्वतःवर एवढी बंधनं घालू शकतं, तर दहा ट्रॅक्टर एकत्र घेऊ शकत नाही का?

आणि तुझा तो एक भाव. तो कोण ठरवणार? मारुतीचं प्रकरण विसरलास?

विक्रेता : विसरलो नाही. आम्हा विक्रेत्यांना ते विसरता येणार नाही.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी ते प्रकरण थोडे खोलात सांगायला हवे, कारण या सगळ्या वादाची गाठ तिथे आहे. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. पाठवणाऱ्याने स्वतःला मारुती सुझुकीचा डीलर म्हटले होते आणि तक्रार मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा या विभागातली होती. कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपलीकडे डीलरने ग्राहकाला काही द्यायचे नाही, जादा सूट नाही, फुकट वस्तूही नाही. दिली तर दंड, असे त्याचे म्हणणे होते. आयोगाने चौकशी केली. त्यात दिसले, की कंपनीकडूनच ग्राहकाचा वेष घेतलेली माणसे शोरूममध्ये पाठवली जात. ती जादा सवलत मागत, संभाषण नोंदवून घेत, आणि सूट दिल्याचे आढळले की डीलरकडे खुलासा मागितला जाई. दंड शोरूमला होई आणि तिथल्या माणसांनाही. त्यात शोरूम मॅनेजर, टीम लीडर आणि थेट गाडी विकणारा एक्झिक्युटिव्हसुद्धा होता. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला दोनशे कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला अशाच स्वरूपाच्या आरोपावरून झालेला सत्त्याऐंशी कोटींचा दंड पुढच्या वर्षी अपील लवादाने रद्द ठरवला होता, त्यामुळे कायद्याची रेघ नेमकी कुठे आहे यावर वाद आहेच. पण एक चित्र मनातून जात नाही. महिन्याच्या पगारावर जगणारा तरुण समोरच्या कुटुंबाला दोन हजारांचे मॅट फुकट देतो, आणि ते कुटुंब खोटे निघते.

शेतकरी : तेच म्हणतो. भाव एक ठेवला, पण त्या पैशातून विक्रेत्याचं घर चाललं का? उलट त्यालाच दंड. मग घासाघीस बंद झाली तर फायदा कोणाचा झाला?

विक्रेता : कंपनीचा. मी नाकारत नाही. पण त्या धोरणाच्या बाजूनेही काही बोलण्यासारखं आहे, ते ऐका. एका शहरात पाच डीलर असले की ते एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एक जण टेस्ट ड्राइव्ह देतो, गाडी गावापर्यंत नेतो, दोन तास समजावतो. ग्राहक दुसऱ्याकडे जाऊन म्हणतो, मला सगळं माहीत आहे, फक्त भाव सांग. दुसरा तीन हजारांनी खाली देतो. मग पहिल्याने टेस्ट ड्राइव्हची गाडी ठेवायची कशाला? अशा भांडणात तोंडावर पडणारा डीलर एकटा पडत नाही. तो बंद झाला की सर्व्हिसिंगला तुम्ही कुठं जाणार? तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली. शेव्हरोले विकणारी शोरूम बंद झाली, माणसं घरी बसली. तिथं कारण कंपनीच्या निर्णयाचं होतं, सवलतीचं नव्हतं. पण या साखळीत बंद पडण्याचा फटका आधी कोणाला बसतो ते तरी दिसलं.

आणि एकत्र खरेदी. औरंगाबादच्या दीडशे जणांच्या दारात बँक कर्ज घेऊन उभी होती, कारण ते दीडशे श्रीमंत होते. तुमच्या दहा ट्रॅक्टरवाल्यांतल्या चौघांचं सिबिल खराब असेल, दोघांना वेगळी कंपनी हवी असेल, एकाचा पुतण्या दुसऱ्या शोरूममध्ये कामाला असेल. समजा तरी जमलं. मी दहा ट्रॅक्टर एका झटक्यात विकले, मालक म्हणेल ही बल्क डील, यात इन्सेंटिव्ह अर्धं. तुमच्या गावाची एकी माझ्या गळ्याला लागली की नाही? शिवाय डीलर पहिल्या दिवशी काय करेल, सांगू? दहांतल्या एकाला बाजूला घेऊन कानात सांगेल, तुम्हाला म्हणून पाच हजार जास्त सोडतो, बाकीच्यांना कळू देऊ नका.

शेतकरी : हा मुद्दा खरा. गावातही हेच भय होतं. चराईबंदी केली तेव्हा एकाने जरी रात्री शेळ्या सोडल्या असत्या तर सगळं संपलं असतं. मग टिकलं कशामुळे? मला वाटतं, हिशेब उघडा होता म्हणून. १९८९ मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवारांनी पुढे गावाला एक सवय लावली, पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडायची. पावसाळा संपला की मोजमाप होतं, पाऊस किती पडला, विहिरींना किती आलं. आमच्याकडे पाऊस तीनशे-चारशे मिलिमीटरच्या घरातला. त्यातून आधी माणसांना प्यायला, मग जनावरांना, मग शेतीला. उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरतं. कमी पडला तर दुसरं पीक नाही. ज्याची विहीर भरलेली आहे त्यालाही नाही. लोक हे ऐकतात, कारण आकडा सगळ्यांना दिसलेला असतो. मला कोणी गप्प बस म्हणून बसवलं नाही. मी स्वतः बेरीज करून बघितली आणि गप्प बसलो.

आता तुझ्या धंद्याकडे बघ. मार्केटला कांदा विकला की मला पट्टी मिळते. त्यावर भाव, वजन, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली. पूर्वी आडत आमच्याच पट्टीतून कापायचे. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली, व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, बाजार ठप्प झाले. हे भांडण होऊ शकलं, कारण आडतीचा टक्का सगळ्या जगाला माहीत होता. गाडीच्या बिलावर एक्स-शोरूम आहे, जीएसटी आहे, रोड टॅक्स आहे, विमा आहे, फास्टॅगसुद्धा आहे. डीलरची आडत नाही. ती छापा. कंपनीने किती दिली, विम्यावर किती सुटली, कर्जावर किती, आणि त्यातून विकणाऱ्या पोराला किती. मग मी घासाघीस करणार नाही. निदान आंधळेपणाने करणार नाही.

विक्रेता : आबा, ऐकायला छान आहे. पण आडतीचंच घ्या. कायद्याने ती खरेदीदारावर टाकली, आणि खरेदीदाराने बोलीच तेवढी खाली धरली तर? कागदावर आडत त्याची, खिसा तुमचाच. आकडा छापल्याने ओझं हलतंच असं नाही. अमेरिकेत डीलरला गाडी कितीला पडते, हा आकडा ग्राहकाला कित्येक दशकांपासून मिळू शकतो. मग घासाघीस संपली? नाही. ग्राहक तो आकडा घेऊन येतो आणि म्हणतो, याच्यावर दोनशे डॉलर देतो. आणि कंपन्या काही टक्के रक्कम मागे ठेवून तिमाहीला डीलरला परत देतात, ती त्या आकड्यात दिसत नाही. एक झाकण उघडलं की पैसे दुसऱ्या डब्यात जातात. माझ्या बाबतीत तर भीती वेगळीच आहे. बिलावर छापलं, विक्रेत्याचा मेहनताना अडीच हजार, तर समोरचा पहिलं वाक्य काय म्हणेल? त्यातले हजार सोड.

दुसरं असं, की तुमच्या ग्रामसभेत बसलेले लोक उद्याही एकमेकांना भेटणार असतात. एकाच विहिरीच्या पट्ट्यात पाणी, एकाच स्मशानात शेवट. माझी-तुमची गाठ दहा वर्षांनी, तोवर मी दुसऱ्या शोरूमला गेलेला असेन. इथं लाज कोणाची धरायची?

या टप्प्यावर वादाचे स्वरूप बदलते, हे नोंदवायला हवे. आतापर्यंत दोघे भाव किती, नफा किती, यावर बोलत होते. शेतकऱ्याने उघड्या हिशेबाचा आग्रह धरला आणि विक्रेत्याने दाखवून दिले की हिशेब उघडा करायला लावणारी ताकद गावात आहे तशी शोरूममध्ये नाही. माझ्या मते विक्रेत्याचा हा आक्षेप या संवादातला सर्वांत वजनदार आहे. त्याला शेतकऱ्याने दिलेले उत्तर मात्र अनपेक्षित दिशेने जाते.

शेतकरी : मग दोन गोष्टी वेगळ्या करू. गाडीचा भाव हा माझा आणि मालकाचा, कंपनीचा मामला. त्यात मी भांडणार, एकटा नाहीतर दहा जणांना घेऊन. तुझा मेहनताना त्यात धरायचाच नाही. मी वकिलाला फी देतो, जनावरांच्या डॉक्टरला देतो, तिथं गाय किती दूध देते त्यावर टक्का नाही मोजत. तसं तुला देईन. टेस्ट ड्राइव्हला गाडी गावापर्यंत आणलीस, पासिंगच्या मागे फिरलास, नंबर प्लेट बसवून दिलीस, पहिल्या सर्व्हिसिंगला आठवण केलीस, त्याचे पैसे. त्यात मी एक रुपया कमी करणार नाही. पण मग मला एक हवं. तू माझ्या बाजूने खरं बोलायचं, ते तुझ्या शोरूमला महागात पडलं तरी.

२०२५ चा ऑगस्ट आठव. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं, दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. ३ सप्टेंबरला परिषदेने ठरवलं, २२ सप्टेंबरला लागू झालं. छोट्या गाड्यांवर अठ्ठावीस टक्के अधिक उपकर होता, तो अठरावर आला. ट्रॅक्टर बारावरून पाचवर. मधल्या दिवसांत गणपती आले होते, मुहूर्त होता, लोक शोरूममध्ये येत होते. त्यांना थांबा म्हणून सांगणारे विक्रेते किती होते? आठ लाखांच्या गाडीवर साठ-सत्तर हजारांचा फरक. मी सात जन्म घासाघीस केली तरी एवढं सुटणार नाही. तुझ्या तोंडच्या एका शब्दात तेवढी किंमत होती. तो शब्द मिळणार असेल तर तुझी फी मला स्वस्तच आहे.

विक्रेता : तो ऑगस्ट मला चांगला आठवतो. लोक बुकिंग करून डिलिव्हरी पुढे ढकलत होते. यार्ड भरलेलं. डीलरांनी जुन्या दराने उपकर भरून आणलेल्या गाड्या, त्या उपकराची जमा रक्कम खात्यात अडकलेली, आणि व्याजाचं मीटर चालू. अशा वेळी मालक मीटिंगमध्ये म्हणेल का, की ग्राहकाला थांबा म्हणून सांगा? तरीही काही जण कानात सांगत होते. ज्याने सांगितलं त्याचा महिना कोरडा गेला. टार्गेट चुकलं, इन्सेंटिव्ह गेलं, सलग दोन महिने चुकलं की नोकरीवर येतं. ज्याने सांगितलं नाही त्याचं घर चाललं. तुम्ही फी देईन म्हणता, पण ती गाडी घेतल्यावर. मी तुम्हाला नका घेऊ म्हटलं, तुम्ही उठून गेलात, तेव्हा फी कोण देणार? जनावरांचा डॉक्टर गाईला इंजेक्शन लागत नाही असं सांगतो, तरी त्याची भेट-फी पडते. माझी पडत नाही.

तुमच्या गावात पाऊस कमी पडला की दुसरं पीक नाही, म्हणालात. ते नुकसान सगळ्यांनी मिळून घेतलं, म्हणून निर्णय टिकला. शोरूममध्ये थांबा म्हणण्याचं नुकसान आज एकटा मी घेतो. तुमचा फायदा सत्तर हजार, कंपनीची गाडी महिन्याने का होईना विकली जाणारच, मालकाचं व्याज थोडं वाढलं. आणि माझा महिना गेला. वाजवी नफ्याचं बोलायचं तर गाडी विकली त्या दिवसाचं सोपं आहे. न विकण्याचा सल्ला खरा होता त्या दिवसाचं बोला.

शेतकरी : त्या दिवसाचेही मी देईन. सगळे नाही, माझ्या वाट्याचे. सत्तर हजार वाचवणाऱ्याला दोन हजार जड नाहीत. बाकीचे मालकाने आणि कंपनीने द्यावेत. पण गावात वाटणी होते ती विहिरीत किती पाणी आहे हे मोजल्यावर. मालकाला आणि कंपनीला एका गाडीमागे खरंच किती सुटतं, वर्षअखेरीचा बोनस, विमा, कर्ज सगळं धरून, तो आकडा आधी सांग. मग कोणाचा वाटा किती ते बसून ठरवू.

विक्रेता : आबा, मघाशी मी चार टक्के धरून चाला म्हणालो. धरून चाला म्हणालो, कारण खरा आकडा मालक मलाही सांगत नाही.